बाबांचा चेहरा स्कॅन करायचाय, पण घरात सगळेच घाबरलेत

वाचकाचं पत्र: नमस्कार. मी खारघरला राहते, आईबाबा कळव्यात. बाबा ७९ वर्षांचे, रेल्वेच्या कारशेडमधून रिटायर झालेले. आयुष्यभर लोखंडात हात, त्यामुळे बोटांचे ठसे घासून गेलेत, बँकेतलं मशीन ते घेतच नाही. म्हणून यंदा हयातीचा दाखला चेहरा स्कॅन करून घरूनच काढू म्हटलं. मी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल लावून त्यांच्याच फोनवर सांगत होते, हे दाबा, आता ते दाबा, पण स्कॅन होतच नाही, मग त्यांची चिडचिड आणि माझीही. स्टेशनजवळचा मोबाईलवाला म्हणतो फोन आणि आधार ठेवून जा, संध्याकाळपर्यंत करून ठेवतो. त्यात परवा एक फोन आला, पेन्शन ऑफिसमधून बोलतोय म्हणाला, पेन्शन मंजुरीच्या कागदावरचा पीपीओ नंबरही बरोबर सांगितला आणि ओटीपी मागितला, आईने घाबरून फोन कट केला. तेव्हापासून बाबा म्हणतात माझं तोंड कुठल्याच मोबाईलला दाखवायचं नाही, ते कुठे कुठे फिरेल काय माहीत. आमच्या सोसायटीतही गेटवर चेहऱ्याचं मशीन बसतंय, तिथे द्यावा का? आणि बाबांना नवीन फोन घेऊन देऊ का?

ताई, आधी त्या परवाच्या फोनचं बोलू, बाकी सगळं नंतर. तो फोन पेन्शन ऑफिसचा नव्हता. हयातीचा दाखला म्हंजे माणूस जिवंत आहे हे दाखवणं, आणि ते फोनवर कुणाला ओटीपी सांगून होऊच शकत नाही, त्यासाठी पेन्शनरने स्वतः चेहरा, बोट किंवा डोळा द्यावा लागतो नाहीतर बँकेत जाऊन सही करावी लागते. पीपीओ नंबर बरोबर सांगितला म्हणून तो माणूस खरा ठरत नाही, असले नंबर, जन्मतारीख, रिटायरमेंटची तारीख या लोकांच्या हाती लागलेली असते आणि ती ऐकवूनच ते विश्वास बसवतात. आईंनी फोन कट केला ते एकदम बरोबर केलं, त्यांना हे मुद्दाम सांगा, कारण अशा वेळी घरातली बाई "मी उगाच उद्धटपणा केला का" असा विचार करत बसते. ओटीपी दिला नाहीये म्हंजे काही गेलेलं नाही. पण पुन्हा कधी चुकून सांगितला गेलाच तर लाजून गप्प बसायचं नाही, लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरला फोन करायचा आणि बँकेला कळवून खातं थांबवायला सांगायचं, पहिल्या तासाभरात कळवलं तर पैसे अडवले जायची शक्यता बरीच जास्त असते.

आता स्कॅन का होत नव्हता ते. तुमच्या पत्रातच त्याचं एक कारण दिसतंय मला. तुम्ही बाबांच्याच फोनवर व्हिडिओ कॉल लावला होता, म्हंजे फोनचा पुढचा कॅमेरा व्हॉट्सॲपकडे होता आणि तोच कॅमेरा चेहरा स्कॅन करणारं ॲप मागत होतं. एका वेळी दोन ॲपना एकच कॅमेरा नीट मिळत नाही, मग कधी स्क्रीन काळी होते, कधी ॲप अडकतं, कधी तुमचा कॉल गोठतो आणि बाबांना वाटतं माझंच काहीतरी चुकलं. लांबून सांगायचंच असेल तर साधा कॉल लावून स्पीकरवर ठेवा, किंवा व्हिडिओ कॉल आईंच्या फोनवर लावून तो बाजूला उभा करा. स्क्रीन शेअर मात्र करायला लावू नका, तुम्ही मुलगी असलात तरी नको, कारण एकदा का बाबांना "कुणीतरी फोनवर सांगतंय आणि मी स्क्रीन दाखवतोय" याची सवय झाली की उद्या कुणी ठग तेच मागेल तेव्हा त्यांना ते ओळखीचं वाटेल.

खरं सांगू का, पहिल्या वेळेला तुम्ही स्वतः जा. पनवेल-ठाणे लोकल पकडली की ठाण्याहून कळवा पुढचंच स्टेशन, रविवारी निघणार असाल तर मेगाब्लॉक बघून निघा. शेजारी बसून जे काम शांतपणे होतं ते फोनवरून दुपारभर भांडूनही होत नाही, आणि एकदा त्यांनी स्वतःच्या हाताने केलं की पुढच्या वर्षी साधा कॉल पुरेल.

जायच्या आधी तुमच्या फोनवर दोन ॲप घेऊन ठेवा. एक हयातीचा दाखला काढायचं "जीवन प्रमाण" आणि दुसरं "आधार फेस आरडी", हे यूआयडीएआयचं म्हंजे आधारवाल्यांचंच आहे. दोन्ही प्ले स्टोअरवरूनच घ्यायची, व्हॉट्सॲपवर कुणी फाईल पाठवली तर ती उघडायचीही नाही. इथे बरेच लोक गोंधळतात ते सांगते. आधार फेस आरडी घेतलं तरी स्क्रीनवर त्याचं चित्र दिसत नाही, कारण ते एकटं उघडायचं ॲप नाहीये, दुसऱ्या ॲपने हाक मारली की तेवढ्यापुरतं कॅमेऱ्यासकट पुढे येतं आणि काम झालं की मागे जातं. लोकांना वाटतं ॲप आलंच नाही, मग ते इकडेतिकडे शोधतात आणि कुणाच्या तरी लिंकवरून भलतंच काहीतरी घेऊन बसतात. सेटिंगमध्ये ॲप्सच्या यादीत ते दिसलं की झालं.

जीवन प्रमाण आधी "ऑपरेटर" विचारतं. घाबरू नका, ऑपरेटर म्हंजे फोन चालवणारा माणूस, तो घरातला कुणीही चालतो, पेन्शनर स्वतःही चालतो. तुमचा फोन असेल तर ऑपरेटर तुम्ही, तुमचा आधार नंबर, मोबाईल, ईमेल, ओटीपी आणि एकदा तुमच्या चेहऱ्याचा स्कॅन. हे एक फार बरं आहे, कारण स्कॅन म्हंजे काय ते बाबांना आधी तुमच्यावर बघायला मिळतं, त्यांना शेजारी बसवून दाखवा. मग पेन्शनरचा भाग, तिथे बाबांचा आधार, मोबाईल, आणि पीपीओ नंबर, पेन्शनचा प्रकार, पेन्शन मंजूर करणारं खातं, पेन्शन देणारी बँक, अकाउंट नंबर असं सगळं भरायचं. हे घाईत भरू नका हो, पीपीओचा कागद आणि पासबुक समोर ठेवून एकेक अक्षर बघा, कारण चेहरा बरोबर जुळूनही पीपीओ किंवा खातं चुकलं म्हणून दाखला नंतर नाकारला जातो आणि ते घरच्यांना डिसेंबरमध्ये पेन्शन थांबल्यावर कळतं.

मग मुख्य काम, स्कॅन. बाबांना खिडकीकडे तोंड करून बसवा. आपल्याकडे खुर्ची नेमकी खिडकीला पाठ करून असते आणि मग मागून उजेड येऊन चेहरा काळा पडतो, ॲपला काहीच दिसत नाही. रात्री ट्यूबलाईटखाली करू नका, वरून उजेड आला की डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते, सकाळी दहा-अकराचा उजेड उत्तम. चष्मा काढायचा, टोपी किंवा मफलर असेल तर तोही. मागे मोकळी भिंत हवी, फ्रेममध्ये एकच चेहरा आला पाहिजे, त्यामुळे भिंतीवर आजीआजोबांचे फोटो असतील तर खुर्ची सरकवा आणि आई मागून डोकावत असतील तर त्यांना गोडीने बाजूला बसवा. कॅमेऱ्याची काच धोतराच्या नाहीतर साडीच्या मऊ कापडाने पुसा, म्हाताऱ्या माणसांच्या फोनवर तेलाचे डाग असतातच. फोन डोळ्यांच्या उंचीला धरायचा, खालून धरला की नाकपुड्या आणि हनुवटीच येते. हात थरथरत असेल तर टेबलावर डबे रचून त्याला फोन टेकवा, काही बिघडत नाही.

स्क्रीनवर गोल येईल, चेहरा त्या गोलात बसवायचा आणि ॲप सांगेल तेव्हा डोळ्यांची उघडझाप करायची. ही उघडझाप कशासाठी ते बाबांना नीट समजावून सांगा, कारण त्यांच्या भीतीचं अर्धं उत्तर त्यात आहे. समोर फोटो धरलाय की जिवंत माणूस बसलाय हे ॲप त्यावरून तपासतं, म्हंजे कुणाकडे बाबांचा लग्नातला फोटो असला तरी तो कॅमेऱ्यासमोर धरून दाखला निघू नये म्हणून ही सोय आहे. सावकाश मिटायचे, सावकाश उघडायचे. अनेक आजोबा टक लावून बघत राहतात, फोटो स्टुडिओतल्यासारखे, आणि ॲप वाट बघत बसतं. तुम्ही एका वेळी एकच वाक्य बोला. "बाबा, गोलात बघा." थांबा. "आता डोळे मिटा." थांबा. तीन सूचना एकदम दिल्या की माणूस सांगणाऱ्याकडे बघतो, कॅमेऱ्याकडे नाही, आणि स्कॅन फसतो. नाहीच झालं तर चहा घ्या आणि जागा बदलून परत करा.

तरीही जुळत नसेल तर बहुतेक दोनातलं एक कारण असतं. पहिलं, आधारचं बायोमेट्रिक म्हंजे बोट, डोळा, चेहऱ्याची नोंद लॉक केलेली असणं, तुमच्यापैकी कुणी कधी केलं असेल तर आठवा. दुसरं, आधारमधला फोटो फार जुना असणं. हा स्कॅन तिथल्या फोटोशीच जुळवला जातो, आणि दहा-बारा वर्षांपूर्वी आधार काढलं तेव्हा भरलेला चेहरा होता, नंतर आजारपण आलं, दात गेले, गाल आत गेले असं झालं की ॲपला ओळख पटायला जड जातं. त्याला उपाय म्हंजे आधार केंद्रावर जाऊन बायोमेट्रिक अपडेट करून घेणं, ते ऑनलाईन होत नाही, फी १२५ रुपये आहे आणि पावती मिळते. काही दिवस लागतात, आणि दाखला नोव्हेंबर संपेपर्यंत द्यायचा असतो, म्हणून हे काम नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. आणि समजा नोव्हेंबर हुकलाच तरी पेन्शन बुडत नाही, दाखला जमा झाला की थांबलेली रक्कम मागच्यासकट मिळते, तेव्हा या धाकापोटी कुणाच्याही हातात फोन द्यायची गरज नाही. पुढच्या वर्षीपासून बाबा ८० चे, ८० आणि पुढच्या केंद्राच्या पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, शिवाय ८० पूर्ण झाल्यावर मूळ पेन्शनवर २० टक्के जास्तीची पेन्शन सुरू होते, त्यामुळे बँकेत जन्मतारीख बरोबर लागलीये ना तेही आताच बघून ठेवा.

आता बाबांच्या मूळ प्रश्नाला येते, माझं तोंड कुठे कुठे फिरेल. हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, बरोबर प्रश्न आहे त्यांचा. आधारच्या स्कॅनमध्ये चेहरा कुलूपबंद करून यूआयडीएआयकडे जातो, तिथे जुन्या नोंदीशी जुळवला जातो आणि उलट "जुळला" किंवा "नाही जुळला" एवढंच उत्तर येतं. फोन उघडायला चेहरा दाखवतो ते वेगळं, तिथे जुळवाजुळव फोनच्या आतच होते, बाहेर काही जात नाही. पण चेहरा ही काही लपवून ठेवायची गोष्ट नाहीये, तो रोज कळवा स्टेशनवर हजार लोक बघतात, आणि पासवर्डसारखा तो बदलताही येत नाही. त्यामुळे चेहरा दाखवला की नाही यापेक्षा कोण मागतंय, कुठल्या कामाला मागतंय आणि फोन कुणाच्या हातात आहे, हे तीन प्रश्न बाबांना स्वतःला विचारता आले पाहिजेत. तुम्ही त्यांना बटणं शिकवताय, ते ठीकच आहे, पण त्याच्या आधी हे शिकवा. स्कॅनच्या आधी ॲप एक संमतीची चौकट दाखवतं, आपण सगळे ती न वाचता टिक करतो, बाबांना ती मोठ्याने वाचून दाखवा आणि टिक त्यांच्याच बोटाने करू द्या.

हे मी एवढं ताणून का सांगतेय तर चेहऱ्याची किंमत आता वाढलीये. २०१४ साली जीवन प्रमाण आलं तेव्हा बोट किंवा डोळ्याचं मशीन लागायचं, २०२१ च्या नोव्हेंबरपासून केंद्राच्या पेन्शनरांना साध्या मोबाईलवर चेहरा चालायला लागला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तर यूपीआयचा पिन सेट करायलाही आधारचा चेहरा स्कॅन वापरता येईल असं झालं. सोय आहे यात शंका नाही, बोटं घासलेल्या माणसांना तर फार मोठी. पण मग "काका, जरा इकडे बघा आणि डोळे मिटा" असं कुणी म्हटलं तर तो दाखला काढतोय की दुसरंच काही उघडतोय हे काकांना स्क्रीन वाचल्याशिवाय कळणार नाही.

म्हणून त्या मोबाईलवाल्याकडे फोन आणि आधार ठेवून येऊ नका. तो माणूस चांगलाही असेल, मी त्याच्यावर आरोप करत नाहीये, पण बाबा समोर असल्याशिवाय दाखला निघतच नाही मग फोन ठेवून तो संध्याकाळपर्यंत नक्की काय करणार हे त्यालाच विचारा. फोनमध्ये बाबांचं सिम, सिमवर बँकेचा ओटीपी, शेजारी आधारची झेरॉक्स. दुकानातून करायचंच झालं तर बाबा समोर बसलेले हवेत, ओटीपी त्यांनी स्वतः टाकायचा, आणि काम झाल्यावर स्क्रीनवर प्रमाण आयडी म्हंजे दाखल्याचा नंबर आला की तो वहीत लिहून घ्यायचा, मोबाईलवर त्याचा मेसेजही येतो. दुसरा एक चांगला मार्ग पोस्टाचा आहे, इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेतर्फे पोस्टमन घरी येऊन दाखला काढून देतो, पोस्टात विनंती नोंदवायची आणि आलेला पोस्टमन आपल्याच भागातला आहे ना ते बघायचं. ज्यांची मुलं लांब आहेत त्यांना मी हेच सुचवते.

आणि काम झालं की त्याच दिवशी यूआयडीएआयच्या आधार ॲपमधून बाबांचं बायोमेट्रिक लॉक करून टाका. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि नेमकं हेच कुणी करत नाही. लॉक केलं की बोट, डोळा, चेहरा तिन्ही बंद, कुणी कुठेही वापरायचा प्रयत्न केला तरी चालत नाही. जमिनीच्या दस्तांवरचे अंगठे कॉपी करून लोकांच्या खात्यातून पैसे काढल्याची प्रकरणं देशात घडलीत, लॉक असतं तर ती वेळ आली नसती. पुढच्या वर्षी दाखल्याच्या वेळी तात्पुरतं उघडता येतं, दहा मिनिटांनी ते आपोआप परत बंद होतं, म्हणून सगळे कागद भरून, बाबांना खुर्चीत बसवून मगच उघडायचं. यासाठी आधारला मोबाईल नंबर जोडलेला हवा. तिथेच आधार कुठेकुठे वापरलं गेलं त्याची मागच्या सहा महिन्यांची यादीही दिसते, ती बाबांबरोबर बसून बघा, त्यांची धास्ती कमी व्हायला त्याचा फार उपयोग होईल. काही न ओळखीचं दिसलं तर आधारच्या १९४७ या नंबरला फोन करा.

तुमच्या सोसायटीच्या गेटचं. ते मशीन आणि आधार यांचा काही संबंध नाही, तिथला चेहरा मशीन बसवणाऱ्या कंपनीकडे नाहीतर सोसायटीच्या कॉम्प्युटरमध्ये राहतो. कमिटीला लेखी विचारा की डेटा कुठे ठेवता, किती दिवस ठेवता, फ्लॅट सोडला किंवा कामवाल्या बाईंनी काम सोडलं तर पुसता का, आणि ज्याला चेहरा द्यायचा नाही त्याच्यासाठी कार्ड किंवा रजिस्टर आहे का. २०२३ साली डेटा संरक्षणाचा कायदा झालाय, त्याचे नियमही २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आलेत आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होतायत, संमती हा त्याचा गाभा आहे. या प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत मी तरी चेहरा देणार नाही, तुम्हीही देऊ नका. आणि कामाला येणाऱ्या बायकांना तर कुणी विचारतही नाही, सरळ उभं करून चेहरा घेतात, त्यांच्या वतीने मीटिंगमध्ये तुम्ही बोललात तर मला फार बरं वाटेल.

राहता राहिला नवीन फोन. दाखल्यासाठी अजिबात घेऊ नका, पुढचा कॅमेरा पाच मेगापिक्सेलचा असला आणि इंटरनेट बरं असलं की काम भागतं आणि ते तुमच्या फोनमध्ये आहेच. तुमच्या फोनवरून आईबाबांच्या मजल्यावरच्या इतर पेन्शनरांचेही दाखले काढता येतील, ऑपरेटरचा स्कॅन एकदा झालेला असतो. पुढेमागे बाबांना फोन घेतलात तर स्वस्तातल्या फोनचं चेहरा दाखवून उघडणारं लॉक लावू नका, अशा बऱ्याच फोनमध्ये नुसता साधा कॅमेराच चेहरा बघतो आणि काही तर फोटोलाही फसतात, सहा आकडी पिन बरा. पिन त्यांना पाठ होईल असा निवडा, पण जन्मसाल नको, आणि तो फोनच्या कव्हरमागे चिठ्ठीवर लिहून ठेवला जात नाहीये ना ते पुढच्या वेळी गेलात की बघा.